वाचक विचारतात: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पुढं सरकतच नाही, काय करू?

प्रश्न: ताई, दारव्हा तालुक्यातून लिहून राह्यलो. कपाशीची वेचणी आटोपली म्हणून टॉल्किनचं हे पुस्तक हाती घेतलं, मोठा भाऊ म्हणे एकदा धरलं की सुटत नाही, पण मले तर झोपच येऊन राह्यली. काऊन एवढं नाव आहे बाप्पा याचं? सरळ पिक्चरच पाहून टाकू का?

उत्तर: पिक्चर पाहा की भाऊ, कोण नाही म्हणते, पण पुस्तक सोडू नका. सुरुवात रटाळ आहे हे खरंच, हॉबिट म्हणजे गोष्टीतल्या बुटक्या लोकांची तंबाखू अन् नातीगोती पानंच्या पानं चालते, ती प्रस्तावना खुशाल गाळा. टॉम बॉम्बाडिलची गाणी मलेही झेपली नाहीत, पिक्चरवाल्यानं तर ते पात्रच उडवलं. एल्रॉन्ड नावाच्या जाणत्या सरदाराच्या बैठकीत सारे नुसते बोलतच राहतात, आपली ग्रामसभाच समजा, पण तिथंच ठरते की ती दुष्ट ताकदीची जादूई अंगठी वापरायची नाही, नष्टच करायची, अन् मग गोष्ट पळते.

1954-55 मध्ये तीन भागांत आलेलं पुस्तक, लढाया भरपूर, पण मले विचाराल तर खरा हिरो सॅम, अंगठी नेणाऱ्या फ्रोडोचा सोबती. मॉर्डोरमध्ये, म्हणजे शत्रूच्या मुलखात, ओझं हलकं करायचं म्हणून तो घरून इतक्या लांब वागवत आणलेली स्वयंपाकाची भांडी जमिनीच्या एका भेगेत फेकून देते, अन् ती खडखडत खाली जातात तो आवाज त्याच्या काळजाला लागते. राजे-तलवारी एकीकडं अन् हे एक पान एकीकडं! बायका मात्र फारच कमी, लढवय्यी एओविन येते तेवढंच बरं वाटते, बाकी सारा पुरुषांचा कारभार.