हेरिटेज हॉटेलात फळी मोडली, पाय मोडला. जबाबदार कोण?

प्रश्न : आईला घेऊन आम्ही पुण्याहून दक्षिण गोव्यातल्या एका जुन्या घराच्या हॉटेलात दोन रात्री राहिलो. बिल २४ हजार. माडीवरच्या खोलीत फळी मोडून आईच्या घोट्याचं हाड मोडलं. हॉटेलवाले म्हणतात, 'घर दोनशे वर्षांचं आहे, शिवाय अपघाताला आम्ही जबाबदार नाही या फॉर्मवर तुमची सही आहे.' आता दोन रात्री फुकट राहायला बोलावताहेत. केस गोव्यात करावी लागेल का?

उत्तर : आधी त्या फुकटच्या मुक्कामाचं बोलू. त्यासोबत 'आता आमची काही तक्रार नाही' असा कागद पुढे येईल. सही करू नका.

घराचं वय हा बचाव होत नाही. शिंपल्यांच्या खिडक्या आणि माडीवरची फळ्यांची जमीन दाखवूनच त्यांनी खोलीचा दर लावला. जुन्या लाकडाला वाळवी लागते, हे पाहुण्याने नव्हे, हॉटेल चालवणाऱ्याने तपासायचं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मोडलेली फळी आतून पार भुसा झालेली दिसते. असं एका रात्रीत होत नाही. मूळ फोटो मोबाइलमध्ये तसाच ठेवा, व्हॉट्सअॅपवर फिरलेली प्रत पुरत नाही.

सहीचा बाऊ नको. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलातून एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या पावतीवर 'जोखीम मालकाची', म्हणजे गाडीच्या मालकाची, असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की स्वतःचा निष्काळजीपणा हॉटेलला अशा ओळीमागे लपवता येत नाही. प्रकरण गाडीचं असलं तरी तुमच्या वकिलाला ते कामाला येईल. फक्त 'अन्याय्य करार', म्हणजे फॉर्मची अटच एकतर्फी आहे, हा मुद्दा तक्रारीत नको. तो जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही. सरळ सेवेतील त्रुटी मांडा.

गोव्याला हेलपाटे नकोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात तक्रार करता येते. जिल्ह्याच्या आयोगात जायचं की वरच्या, हे ठरतं मोजलेल्या पैशांवरून, मागितलेल्या भरपाईवरून नाही. २४ हजारांच्या सेवेसाठी शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची. बिल तुमच्या नावावर असलं तरी आईही ग्राहकच, तेव्हा दोघांची नावं घाला.

विरुद्ध पक्ष म्हणून जीएसटी बिलावरची फर्म धरा. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसाहक्कामुळे गोव्यातल्या जुन्या घरांना अनेकदा ढीगभर सहमालक असतात; त्यांना नोटिसा धाडत बसलात तर वर्ष तिथेच जाईल.

भरपाईचा आकडा फुगवू नका. दवाखाना, फिजिओथेरपी, घरी ठेवलेली बाई या सगळ्याच्या पावत्या लावा, मानसिक त्रासाचं वेगळं मागा. केस चुकीचे कापल्याबद्दल एका मॉडेलला मिळालेले २ कोटी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुराव्याअभावी रद्द करून प्रकरण परत पाठवलं होतं.

आणि अपघात विभागातला पहिला केसपेपर आजच काढून वाचा. घाईत तिथे बरेचदा नुसतं 'घसरून पडल्या' लिहिलेलं असतं. तसं असेल तर आईच्या प्रतिज्ञापत्रात फळी कशी मोडली ते सविस्तर यायला हवं, आणि मॅनेजरने त्याच रात्री पाठवलेला 'सकाळी सुतार येतोय' हा मेसेज त्याला जोडायला हवा.