काळं अस्वल आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने काळ्या अस्वलाची शिकार करायची म्हणतोस, तर आधी व्हिसाचं बघ. एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असशील तर अमेरिकेत बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असणं ही त्यातली एक पळवाट, पण दुकानात शिरण्याआधी वकिलाला गाठ.

रिव्हॉल्व्हरच्या गोळीत .४४ मॅग्नम ही मोठी, दणकट गोळी उत्तम. झटका सोसत नसेल आणि राज्याच्या नियमात बसत असेल, तर त्याहून छोटी .३५७ मॅग्नम घे, मोठी गोळी चुकवण्यापेक्षा छोटी नेमकी लागलेली बरी. अस्वल तुझ्याकडे कूस करून उभं राहीपर्यंत थांब आणि खांद्याच्या लगेच मागे गोळी मार. जाड चरबी आणि दाट केसांमुळे रक्त बाहेर फारसं येतच नाही, माग पुसट राहतो. दिवस मावळताना गोळी झाडलीस तर टॉर्च घेऊन रात्रभर झुडपं धुंडाळत बसशील.

स्वसंरक्षणाचं गणित वेगळं. तिथे मी आधी बेअर स्प्रेच (अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा) काढेन: सेफ्टी क्लिप ओढायची, अस्वल तीसेक फुटांवर आलं की त्याच्या तोंडासमोर, जरा खालीच फवारायचं. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मात्र स्प्रेलाही मनाई आहे. काळ्या अस्वलाने हल्ला केलाच तर मेल्याचं सोंग नको (शाळेतली ती गोष्ट विसर), नाकाडावर हाण. पळू नकोस, आणि झाडावर तर अजिबात चढू नकोस. ते तुझ्याआधी शेंड्याला पोचेल.