अपडेट चालू करा, आणि एक नक्कल जाळ्याबाहेर ठेवा

देवगडच्या तुमच्या आंब्याचं सगळं बिलिंग एका संगणकावर, आणि २०२४ मध्ये अपडेटमुळेच विमानतळ ठप्प झाले म्हणून तुम्ही विंडोजचे अपडेट बंद करून टाकलेत, हे वाचून राहवलं नाही. ‘आमच्या एवढ्याशा धंद्याच्या वाटेला कोण जाणार?’ असं तुम्ही विचारता. न्हावा शेव्याच्या बंदरात आम्हीही असंच म्हणायचो.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा संगणक निकामी करणारा व्हायरस पसरला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो घुसला. रोख त्या देशावर होता. पण मर्स्क ही जहाज कंपनीही तिथे ते सॉफ्टवेअर वापरत होती, आणि बघता बघता इथे उरणला, आमच्याच जेएनपीटी बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनल अडलं. मी तेव्हा कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करायचो. माल आवारातच होता, पण कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, ते सांगणारी यंत्रणाच बंद. आमच्याशी कुणाचं वैर नव्हतं, तरी सापडलो.

नॉटपेट्या विंडोजमधल्या ज्या त्रुटींचा फायदा घेत पसरला, त्यांचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. (चोरलेल्या पासवर्डांनी तो पॅच केलेल्या संगणकांतही शिरला, म्हणून नुसत्या पॅचवर विसंबूही नका.)

विमानतळ ठप्प झाले ते १९ जुलै २०२४ चं प्रकरण वेगळं. तो अपडेट विंडोजचा नव्हता, क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा होता. त्यातली फाइल माहितीचा २१वा तुकडा वाचायला सांगत होती, प्रोग्रामकडे होते २०, म्हणून तो प्रोग्राम कोसळला. तो विंडोजच्या गाभ्यात चालतो, त्यामुळे त्याच्यासोबत अख्खा संगणक कोसळला. असे सुमारे ८५ लाख. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण पडलेल्या संगणकांपैकी बहुतेकांपाशी माणूस जाऊन ती हाताने काढावी लागली. हे सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या घेतात, तुमच्याकडे ते नसणार. त्याच्या भीतीने विंडोजचे अपडेट रोखू नका, आजच चालू करा.

मर्स्कचे वापरकर्त्यांची नोंद सांभाळणारे सर्व्हर एकमेकांच्या नकला ठेवत. सगळे एकाच जाळ्यात, म्हणून सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानातला एक, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती! त्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

तुम्ही विजेवर कशाला सोडता? दर रविवारी बिलिंगची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर तीही जाईल. आणि ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडते का, ते दिवाळीतच बघून घ्या. पेट्या भरायला लागल्यावर तुम्हाला वेळ मिळणार नाही.