बाबा समोर आहे, पण सापडत नाही

"नोकरी कुठूनही करता येते, मग मोटरहोम घेऊन निघूया. मुलं लहान आहेत तोवर भरपूर सोबत राहता येईल." असं ठरवून घरासारखी सोय असलेल्या गाडीतून निघालेली कुटुंबं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची काळजी बहुधा एकच असते. चोवीस तास एकत्र आहोत, तरी मुलांना वेळ मिळत नाही. आमचं चुकलं का? प्रवास थांबवावा का? अशाच एका कुटुंबाबद्दल, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, लिहिते आहे.

नवऱ्याची पूर्णवेळ ऑनलाइन नोकरी. बायकोने आपली नोकरी सोडलेली. मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, पुढच्या मुक्कामाची शोधाशोध तिच्याकडे. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 4 वर्षांचा, आणि राहायला 25 फुटी गाडी. आमचं बोलणं व्हिडिओवर व्हायचं. पहिल्या सत्राला ते गाडीबाहेर खुर्च्या टाकून बसले होते. मुलगा आला आणि आईच्या कानाशी लागून पाणी मागू लागला. ती म्हणाली, "अरे, मोठ्याने बोल, इथे चालतं." तरी तो कुजबुजतच राहिला. "हळू, बाबा कॉलवर आहे" हे त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की मोकळ्या मैदानातही त्याचा आवाज फुटत नव्हता.

वडिलांना हे दिसलं नव्हतं असं नाही. पण त्यांचं म्हणणं होतं, "मी दहा पावलांवर असतो. आधी तर मुलं झोपल्यावर घरी यायचो." खरं होतं ते. मग मी मुलीशी थोडं बोलले. ती म्हणाली, "बाबाच्या कानाला हेडफोन असतो. काम असलं तरी, नसलं तरी. म्हणून मी विचारतच नाही."

अमेरिकन कुटुंबचिकित्सक पॉलीन बॉस यांनी 1970च्या दशकात अशाच वडिलांकडे लक्ष वेधलं होतं: घरात हजर, पण मनाने दुसरीकडे. त्यातूनच पुढे त्यांनी मांडलं की माणूस आहे की नाही हेच कळेनासं झालं, तर घरच्यांना ते फार जड जातं. वडील ऑफिसला गेले की मूल निदान संध्याकाळची वाट बघतं. एवढ्याशा गाडीत ते दिवसभर डोळ्यांसमोर असतात आणि त्यांच्याकडे जाता मात्र येत नाही. म्हणून या कुटुंबांना मी आधी तास मोजायला सांगत नाही. बाबा आत्ता मोकळा आहे का, हे मुलाला बघताक्षणी कळतं का, तेवढं विचारते.

आम्ही सुरुवात हेडफोनपासूनच केली. कानावर असेल तर काम, नाहीतर तो खणात. गळ्यात लटकवून जेवायला बसणं बंद. लॅपटॉप मिटण्याआधी त्यांनी दोन ओळी लिहायच्या: काम कुठे थांबलं, उद्या कुठून सुरू करायचं. कामातल्या लक्षाचा अभ्यास करणाऱ्या संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की अर्धवट सोडलेल्या कामात आपलं थोडं लक्ष अडकून राहतं. अशी छोटी नोंद ती पकड सैल करते, हेही त्यांच्या नंतरच्या अभ्यासात दिसलं. ऑफिसमधून घरी येण्याचा जो रस्ता पूर्वी मनाला उसंत द्यायचा, तो गाडीत राहणाऱ्याला मिळत नाही. म्हणून नोंद झाली की दहा मिनिटं एकट्याने चालून यायचं आणि मगच मुलांकडे.

पण खरी गाठ प्रवासाच्या वेगात होती. ते दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलवायचे, तेही काम संपल्यावर. म्हणजे अंधारात पोहोचायचं, गाडी समतल करायची, पाणी आणि सांडपाण्याचे पाइप जोडायचे. सकाळी कळायचं की नेटवर्क नाही. सॅटेलाइट इंटरनेटच्या डिशला मोकळं आकाश लागतं आणि यांनी उन्हापासून वाचायला झाडाखालची जागा घेतलेली. मीटिंगला दहा मिनिटं उरलेली, नवरा घामाघूम, बायको मुलांना घेऊन बाहेर. अशा सकाळी जे भांडण होतं त्याला दोघांचे स्वभाव जबाबदार आहेत असं मला वाटत नाही. चालत्या संसारात बाकी बरंच काही आपल्या हातात नसतं, वेग मात्र असतो. त्यांनी ठरवलं की एका जागी किमान दोन आठवडे राहायचं, हलायचं ते फक्त शनिवारी, आणि रविवारीच इंटरनेट तपासायचं. एकाऐवजी दोन कंपन्यांची सिमकार्डं घेतली. महत्त्वाच्या मीटिंगा दोन दिवसांत आणून त्या दिवशी तो जवळच्या को-वर्किंग जागेत, म्हणजे भाड्याने टेबल मिळणाऱ्या ऑफिसात, बसू लागला. मग मुलांना गाडीत ओरडायची मुभा मिळाली.

एक गोष्ट तिसऱ्या सत्रात बाहेर आली. आपण फिरतीवर आहोत हे त्याने ऑफिसला सांगितलंच नव्हतं. मागे खोटी पार्श्वभूमी लावून तो कॉलला बसायचा. मुलांच्या आवाजाची त्याला इतकी धास्ती का, याचं उत्तर तिथे मिळालं. मी याबाबत स्पष्ट बोलते: ऑफिसला सांगूनच निघा. कामाची जागा बदलली की कराचे, विम्याचे, डेटा सुरक्षेचे प्रश्न उभे राहू शकतात. देश बदलला तर पर्यटक व्हिसावर काम चालतंच असं नाही. आणि घरात लपवाछपवी असली की तिचा भार मुलं उचलतात. त्याने सांगितलं. नोकरी टिकली, पण काही भागांतून काम करायला मनाई झाली आणि ठरलेला मार्ग बदलावा लागला.

बायकोचं बोलणं उशिराच निघालं. तिला दिवसातून एक तासही स्वतःचा नव्हता. "तो कामावर असतो, मी कायमच कामावर," ती म्हणाली आणि रडली. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी ती एकटी बाहेर जाते, आणि गाडीत काय चाललंय हे फोन करून विचारत नाही. हे जमायला तिला वेळ लागला.

प्रवास थांबवावा का, या प्रश्नावर माझं उत्तर असं: आधी वेग कमी करून दोन-तीन महिने बघा. तरीही मुलाची झोप, भूक किंवा बोलणं कमीच होत राहिलं, किंवा दोघांपैकी एक जण सतत खचलेला दिसला, तर भाड्याने जागा घेऊन थांबा. गाडी विकायची घाई करू नका.

या घरात धाकटा आता जोरात हाका मारतो. मुलीचं मात्र निराळं आहे. तिला मैत्रिणी हव्या आहेत, दोन आठवड्यांत त्या होत नाहीत, आणि चार-पाच महिने एकाच ठिकाणी राहायचं असं ती म्हणते. आई तयार आहे, बाबाचं मन होत नाही. सध्या आमची सत्रं याच विषयावर सुरू आहेत, आणि आता मुलगीही त्यांत बसते.