गाडी चालवताना डावीकडे लक्ष असू दे

प्रिय भाचीबाईंस,

गाडी आली, पेढे पोचले. कोथरूडहून हिंजवडीला रोज स्वतः चालवत जाणार म्हणालीस, आणि त्याच फोनमध्ये "हे सायकलवाले मधेच का तडमडतात गं?" असंही विचारलंस. तेव्हा हसण्यावारी नेलं, पण उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी दोन्ही चालवते, त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला ऐकू येतात.

आधी त्या मधे येण्याबद्दल. आपल्या रस्त्याच्या डाव्या कडेचा दोन-तीन फुटांचा पट्टा एकदा पायी चालत बघ. डांबराचे थर चढत जातात आणि चेंबरचं झाकण तिथंच खाली राहतं, त्याचा खड्डा होतो. पावसाळी जाळीच्या फटी कधीकधी नेमक्या चाकाच्या दिशेने असतात. डांबर आणि काँक्रीट जिथं जुळतं तिथं उभी खाच, तिच्यात खडी, आणि पावसाळ्यात या सगळ्यावर पाणी, म्हणजे काय कुठं आहे ते कळायलाच नको. गाडीचं चाक यावरून धडधडत निघून जातं. सायकलचं बारीक चाक अडकलं की माणूस हँडलवरून पुढे. म्हणून तो खड्डा दिसला की उजवीकडे येतो, आणि तुला वाटतं अचानक आला. यावर एक साधी युक्ती आहे. सायकलवाला दिसला की त्याच्या पाठीकडे बघत बसू नकोस, त्याच्या पुढचा रस्ता बघ. झाकण, उभी रिक्षा, खडी तुलाही दिसेल, आणि तो कुठं वळणार हे त्याच्याआधी कळेल.

सायकलला ओलांडून पुढे जाताना किती अंतर ठेवायचं? जर्मनीत शहरातही किमान दीड मीटर ठेवावं लागतं, स्पेनमध्येही दीड मीटर. आपल्याकडे असा ठरलेला आकडा नाही, पण २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी घ्या असं चालकाला सांगितलंय. तू दीड मीटरच धर. म्हणजे तुझा डावा आरसा आणि त्याचं हँडल यांच्यात एक आडवा माणूस मावला पाहिजे. चढावर त्याहून जास्त. चांदणी चौकाकडे चढताना किंवा कात्रजच्या जुन्या घाटात सायकलचा वेग इतका उतरतो की पुढचं चाक आपोआप डावं-उजवं डुलतं, कितीही तरबेज माणूस असो. जागा नसेल तर मागे थांब. कट मारून पुढे गेलीस तरी पुढच्या सिग्नलला तो तुझ्या खिडकीशी येऊन उभा राहणारच आहे, आणि मग त्याच्याकडे न बघण्याचं नाटक करावं लागतं. अगदी पाठीशी येऊन हॉर्नही देऊ नकोस. दचकला की हँडल हलतं. द्यायचाच तर लांबून, एकदाच.

सगळ्यात वाईट प्रकार डावीकडे वळताना होतो. नळस्टॉपला लॉ कॉलेज रस्त्याकडे वळायचंय, सायकल पुढे आहे. लोक काय करतात, तिला घाईने ओलांडतात आणि लगेच तिच्यापुढून डावीकडे गाडी घालतात. सरळ जाणाऱ्याला जायला जागाच उरत नाही. वळण पन्नास-साठ मीटरवर आलं की ओलांडायचं नाही, इंडिकेटर देऊन तिच्या मागून वळायचं, बस्स. आणि उतरताना दार उघडायचं ते डाव्या हाताने. उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायला गेलं की खांदा वळतो, मान वळते, मागचं आपसूक दिसतं. मागच्या सीटवर डावीकडे बसलेल्यांना उजव्या हाताने उघडायला लाव. तुझ्या बाबांना तर आधी, ते दार धाडकन उघडतात.

तू मनाची चांगली आहेस, म्हणून एक वेगळी भीती आहे. वाहत्या रस्त्यात मधेच थांबून सायकलवाल्याला "जा, जा" असा हात करशील. करू नकोस. तुझ्या उजवीकडून येणाऱ्या दुचाकीवाल्याला तुझा हात दिसत नाही. तो भरधाव येतो आणि तुझ्या गाडीआडून निघालेली सायकल थेट त्याच्यासमोर. पाळी त्याची असेल तर थांब. तुझी असेल तर नीट निघून जा. समोरच्याला तुझा अंदाज आला, तर उपकारापेक्षा ते त्याच्या जास्त कामाचं आहे.

"ट्रॅक आहे ना, तिकडे जा की!" असं खिडकीतून ओरडणारेही भेटतील. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकलीही आल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. ट्रॅकचं म्हणशील तर कुठं पेव्हर ब्लॉक उखडलेले, कुठं मधे विजेचा डबा, आणि दुचाक्या लावायला तर हक्काची जागा. ज्याने ट्रॅकवर गाडी लावली तोच ओरडत असतो, हे माझं निरीक्षण.

आणखी एक सांगते, ते तुला आवडणार नाही. सकाळी सिंहगडाकडे निघालेल्या हेल्मेटवाल्या, लाखाच्या सायकलवाल्यांना लोक थोडी तरी साइड देतात. रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, हँडलला डब्याची पिशवी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, त्याच्या कानाशी मात्र हॉर्न वाजतो. तो व्यायामासाठी सायकल चालवत नाहीये. सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख अशा कामाला जाणाऱ्या लोकांनीच केली होती.

सायकलवाले काही धुतल्या तांदळाचे नाहीत. उलट्या बाजूने येतात, सिग्नल तोडतात, कानात इअरफोनची बोंडं घालतात, पहाटे तिघं-तिघं आडवे गप्पा मारत जातात. माझ्याच ग्रुपमध्ये आहेत असे दोघं, माझं ऐकतात थोडंच. रागव हवं तर, मनातल्या मनात. पण चूक कुणाचीही असो, हाड त्याचंच मोडणार, तुझा फार तर बंपर.

येत्या रविवारी साडेसहाला गाडी घेऊन मयूर कॉलनीत ये. मी सायकलवर पुढे राहीन, तू मागून ये आणि मला ओलांडण्याचा सराव कर. अंतर बरोबर होतं की नाही ते मी सायकलवरून ओरडून सांगेन. तुझ्या आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस, ती मलाच रागवेल.

तुझी,
मावशी