बर्लिनला येऊन फुल टाइम कॉमिक्स करायचंय म्हणतोस, तर आधी हे वाच

उत्तराला उशीर झाला, सॉरी. चाळीस पानांचं इंकिंग (पेन्सिलच्या चित्रावर शाई फिरवणं) संपवायचं होतं आणि उजवं मनगट परत बोंबलत होतं.

तू जे सांगितलंस त्यावरून मला कळलं ते असं: वय २७, नाशिकला सिडकोत आई-बाबांकडे राहतोस, पुण्याच्या एका गेम स्टुडिओचं काम घरून करतोस, रात्री स्वतःची कॉमिक्स काढतोस, दोन मराठी कॉमिक्स स्वतः छापलीस ३००-३०० प्रती आणि त्यातल्या निम्म्या अजून पलंगाखाली आहेत, आठ लाख साठलेत, आणि आता नोकरी सोडून बर्लिन. विचारतोस की ताई, तिकडे कॉमिक्सवर घर चालतं का.

नाही चालत. मी २०१७ ला आले, माझं एक वर्षही निव्वळ कॉमिक्सवर गेलेलं नाही, आणि तरी मी परत यायचा विचार करत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशोब बघ. समज तुझं १६० पानांचं पुस्तक इथल्या एखाद्या प्रकाशकाने घेतलं. दुकानात किंमत २४ युरो. त्यातून ७ टक्के व्हॅट काढला की उरतात २२ युरो ४३ सेंट, आणि त्यावर रॉयल्टी धर ८ टक्के, म्हणजे एका प्रतीमागे तुला साधारण १ युरो ८० सेंट. दोन हजार प्रती खपल्या (आणि नवीन माणसाच्या दोन हजार खपणं म्हणजे पार्टी द्यावी असं काम आहे) तर झाले ३,६०० च्या आसपास. अ‍ॅडव्हान्स मिळतो पण तो काही वेगळा नसतो, ह्याच रॉयल्टीतून वळता होतो. आता एक पान लिहिणं, पेन्सिल, इंक, रंग, लेटरिंग (चित्रात संवाद लिहिणं) धरून दोन दिवस घेतं, मी तरी घेते, मग १६० पानांना ३२० दिवस. भाग बघ, दिवसाला अकरा-सव्वाअकरा युरो. इथे कायद्याने किमान मजुरी जानेवारी २०२६ पासून तासाला १३ युरो ९० सेंट आहे. तासाला. म्हणजे पुस्तक काढणारा माणूस दिवसभरात जे कमावतो ते सुपरमार्केटात बरण्या लावणारा पहिल्या तासातच कमावतो. हे काही जर्मनीचं खास नाही, फ्रान्समध्ये तर कॉमिक्सचा बाजार ह्याच्या कितीतरी पट मोठा, तिथे २०१६ साली चित्रकारांचा मोठा सर्वे झाला त्यात उत्तर दिलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांचं उत्पन्न किमान वेतनाच्या खाली निघालं. आंगुलेमचा तो जगप्रसिद्ध फेस्टिवल, १९७४ पासूनचा, २०२६ ला रद्द झाला कारण चित्रकार-लेखकांनीच बहिष्कार टाकला. तेव्हा युरोपात कॉमिक्सला किंमत आहे हे खरं, पण ती किंमत पुस्तकाला आहे, ते काढणाऱ्याच्या तासांना नाही.

मग लोक जगतात कशावर? तर आजूबाजूच्या कामांवर. इथे रिसर्च इन्स्टिट्यूट, म्युझियम, एनजीओ लोक माहितीपर कॉमिक्स काढून घेतात, त्याचे पैसे पुस्तकापेक्षा कितीतरी बरे आणि वेळेवर येतात. (आपल्याकडे मी दिवाळी अंकाला चित्रं दिली होती त्याचं मानधन पुढच्या दिवाळीला हातात पडलं, तेही दोनदा फोन करून.) शाळांमध्ये, लायब्ररीत मुलांच्या वर्कशॉप असतात. कॉन्फरन्समध्ये उभं राहून भाषणं चालू असतानाच भिंतीवर चित्रात नोंदवायची, त्याला ग्राफिक रेकॉर्डिंग म्हणतात, त्याचे दिवसाचे पैसे चांगले, फक्त जर्मन कानाला पक्की हवी. स्टोरीबोर्ड, म्हणजे सिनेमा-गेमचे प्रसंग आधी चौकटींत काढून देणं, ते तर तू करतोसच.

आणि एक प्रकार मला इथे आल्यावरच कळला, कॉमिक्सचं वाचन. म्हणजे स्टेजवर बसायचं, मागे पडद्यावर एकेक चौकट येते आणि आपण सगळ्या पात्रांचे आवाज काढून वाचायचं, दारं आपटल्याचे आवाजही आपणच, आणि त्याचं मानधन मिळतं, लोक तिकीट काढून येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं, अरे हे तर आपल्या पिंगुळीचे चित्रकथी करतात, एकेक चित्र पुढे धरायचं आणि गोष्ट गात सांगायची! पहिल्या वाचनाला मी सुरुवातीची पाच मिनिटं चित्रकथीवरच बोलले, आणि खरं सांगायचं तर माझ्या पुस्तकापेक्षा लोकांनी त्याचेच प्रश्न जास्त विचारले.

आता मी इथे का टिकले ते सांगते, त्याचं नाव आहे क्युन्स्टलरझोत्सियालकासे, सगळे नुसतं काएसका म्हणतात. कलाकारांसाठीची सोशल इन्शुरन्सची व्यवस्था, १९८३ पासून चालू आहे. फ्रीलान्सरला इथे हेल्थ इन्शुरन्सचा पूर्ण हप्ता स्वतः भरावा लागतो, कमाई कितीही कमी असली तरी महिन्याला अडीचशे युरोच्या आसपास जातातच. काएसकात घेतलं तर मात्र नोकरदारासारखं होतं, हेल्थ, पेन्शन, म्हातारपणीची देखभाल सगळ्याचा अर्धाच हप्ता आपला, उरलेला अर्धा थोडा सरकार देतं आणि थोडा त्या कंपन्या देतात ज्या कलाकारांकडून कामं करून घेतात. आपला वाटा म्हणजे नफ्याच्या वीसेक टक्के, म्हणजे कमाई कमी तर हप्ताही कमी. वर्षाला ३,९०० युरोपेक्षा जास्त कमाई दाखवावी लागते पण नवीन माणसाला पहिली तीन वर्षं ती अट नाही. माझं मनगट २०२१ ला गेलं तेव्हा डॉक्टर, फिजिओ, सगळं ह्यातून झालं आणि त्या चार महिन्यांत मी डाव्या हाताने फक्त ईमेल लिहीत होते. नाशिकला असते तर बाबांच्या एफडीला हात घालावा लागला असता.

पण काएसका आपोआप मिळत नाही हे लक्षात घे. तुम्ही खरंच पोटासाठी कला करता हे दाखवायला बिलं, करार, छापलेली कामं मागतात. हौस म्हणून करणाऱ्याला घेत नाहीत. तेव्हा आत्तापासून प्रत्येक कामाचं रीतसर इन्व्हॉइस बनव, मित्राच्या कॅफेचं मेनूकार्ड काढलंस तरी बनव.

व्हिसाचं थोडक्यात. तुला लागेल नॅशनल व्हिसा, स्वतंत्र व्यवसायाचा, इथल्या कायद्यात कलम २१ पोटकलम ५. टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे बदलून घेऊ असं कोणी यूट्यूबवर सांगत असेल तर तो अमेरिकन नाहीतर ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाला असणार, आपल्याला ते चालत नाही, अर्ज मुंबईतच करायचा. माझी अपॉइंटमेंट सकाळची होती, पंचवटी एक्सप्रेस लेट झाली तर म्हणून मी आदल्या दिवशीच ठाण्याला मावशीकडे जाऊन राहिले, तूही तसंच कर. फाइल पुढे बर्लिनच्या फॉरेनर्स ऑफिसकडे जाते म्हणून महिने लागतात, मला पावणेचार लागले. मुख्य कागद म्हणजे कमाई-खर्चाचा प्लॅन आणि इथल्या क्लायंटची पत्रं, की आम्ही ह्या माणसाला काम देऊ इच्छितो, निदान दोन. तुझ्या पुण्याच्या स्टुडिओचं पत्र सोबत जोड पण त्याच्या जिवावर राहू नकोस, ह्यांना बघायचं असतं की इथे तुझी कोणाला गरज आहे का. आणि परमिटवर जो व्यवसाय लिहिलाय तोच करायचा, स्टुडंटसारखं अधूनमधून कॅफेत शिफ्ट मारून भाडं काढू असं चालत नाही, वेगळी परवानगी लागते. हे लोकांना इथे आल्यावर कळतं आणि मग रडतात.

तुझे आठ लाख म्हणजे साधारण आठ हजार युरो, थोडे कमीच. इथे शिकायला येणाऱ्या पोरांनाही वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे दर महिन्याला ठरावीकच काढता येतात अशा खात्यात) दाखवावे लागतात आणि तेवढ्यात बर्लिनमध्ये काटकसरीनेच भागतं. तू फ्रीलान्सर, त्यात इन्शुरन्स, त्यात डिपॉझिट, पाचव्या महिन्यात पैसे संपतील. आणि रूम शोधताना पत्ता रजिस्टर करून देणारी रूमच घे, त्या कागदाशिवाय बँक नाही टॅक्स नंबर नाही काही नाही.

किकस्टार्टरचं, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे गोळा करून पुस्तक काढायच्या वेबसाइटचं, म्हणालास ते बरोबर आहे, भारतातून स्वतःचा प्रोजेक्ट टाकता येत नाही, जर्मनीतून २०१५ पासून येतो. पण अरे, प्लॅटफॉर्मचे ५ टक्के, वर पेमेंटचे वेगळे, आणि पोस्टेज! माझ्या पहिल्या कॅम्पेनला नाशिक-पुण्यातल्या ओळखीच्यांनी उत्साहात तीसेक प्रती घेतल्या आणि त्या पाठवण्यात माझा सगळा नफा गेला. शेवटी गठ्ठा करून सुट्टीत बॅगेतून आणल्या आणि कॉलेज रोडला एका मैत्रिणीच्या दुकानात ठेवल्या, ज्याने त्याने येऊन न्या.

छोट्या प्रतींची मजा मात्र इथे आहे. रिसो प्रिंटिंग म्हणून प्रकार आहे, दिसायला झेरॉक्स मशीन, पण एकेक रंग वेगळा छापायचा, थोडा सरकतोच, आपल्याकडे लग्नपत्रिका स्क्रीन प्रिंटला टाकल्या की गणपतीची सोंड बाह्यरेषेबाहेर जाते ना तसा. इथे लोकांना तेच आवडतं. तू लहानपणापासून स्क्रीन प्रिंट बघितलंयस, दोन रंगांत विचार करायची तुझ्या हाताला सवय होईल पटकन. अशी छोटी पुस्तकं घेऊन फेस्टिवलला टेबल लावायचं, एर्लांगेनला १९८४ पासून कॉमिक्सचा सलोन, म्हणजे मेळावा, भरतो दर दोन वर्षांनी, सम वर्षात, इथलं मोठं ते. तिथे विक्रीचा हिशोब करू नकोस, टेबल-प्रवास-राहणं वजा केलं की बहुतेकदा शून्यच येतं, पण माझे दोन्ही प्रकाशक मला टेबलावरच भेटले, ईमेलला एकानेही उत्तर दिलं नव्हतं.

लेटरिंगबद्दल एक, कारण तुझं दुसरं कॉमिक मी बघितलं. संवादांचे फुगे तू आधी काढतोस आणि मजकूर नंतर कोंबतोस, वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना धडकतात. देवनागरीला दोन ओळींत उंची लागते, जर्मनला रुंदी लागते, एकेक शब्द असा की फुगा चौकटीबाहेर जातो. दोन्ही भाषांत पुस्तक यावं असं वाटत असेल तर मजकूर आधी बसव, फुगा त्याच्याभोवती काढ, आणि फुगे वेगळ्या लेयरवर ठेव. मी पहिल्या पुस्तकात नव्वद पानांचे फुगे परत काढलेत.

आता मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं. सिडकोत तुला भाडं नाही, डबा आईच्या हातचा. इथे मला कोणी म्हणालं की दीड वर्ष घरभाडं आणि जेवण आम्ही देतो, तू पुस्तक काढ, तर मी त्याच्या पाया पडेन, इथे ह्यालाच ग्रँट म्हणतात आणि त्यासाठी शंभर लोक अर्ज करतात. ती तुला आत्ता मिळतेय, अर्ज न करता. तेव्हा मोठं पुस्तक तिथेच पूर्ण कर. नोकरी सोडू नकोस, स्टुडिओशी बोलून आठवड्याचे तीन दिवस करून घे. जर्मन सुरू कर, पुण्याला मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइनही होतं, बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत तरी ये. आणि कुंभमेळ्याचं काढतोयस ते काढच, पण पोस्टकार्डवरचे साधू नकोत, आपल्याकडे प्रत्येक आर्ट स्कूलवाल्याने गोदाघाट वॉटरकलरमध्ये काढून ठेवलाय, मीही काढलाय, पहाटे रामकुंडावर बूड गारठवत. २०२७ च्या पर्वणीला रस्ते बंद झाल्यावर सिडकोतला माणूस दूध आणायला कसा जातो ते काढ. ते इथल्या कुठल्याही चित्रकाराला काढता येणार नाही.

थंडीचं सगळेच सांगतात म्हणून मी सांगत नाही. एकटेपणाचं एवढंच, की हे काम तसंही एकट्याचं, त्यात आजूबाजूला आपली भाषा नाही, दोन-दोन दिवस तोंडातून आवाज निघत नाही. मी म्हणून शेअर्ड स्टुडिओत टेबल घेतलंय, सहा जण आहोत, कोणी कोणाशी फार बोलत नाही पण चार वाजता कोणीतरी कॉफी करतं. त्याचं भाडं मी कधी चुकवत नाही, घरभाडं एकदा चुकवलंय.

पहिली तीस पानं लेटरिंगसकट झाली की पीडीएफ पाठव, मराठीतच पाठव, जर्मन मी बघते. माहितीपर कॉमिक्स करणारे दोन-तीन जण ओळखीचे आहेत, त्यांना दाखवीन, व्हिसाच्या त्या क्लायंटच्या पत्रांचं तिथून काही जमलं तर जमलं. आणि मनगटाला पट्टा आत्ताच घे, दुखायला लागल्यावर नाही.