वाचकांचे प्रश्न : तिकीट काढून डोक्याला ताप कशाला?

प्रश्न : नमस्कार ताई. मध्यंतरी आम्ही घरचे सगळे शाहू स्मारकला 'शांतता! कोर्ट चालू आहे' बघायला गेलतो. सुरवातीला सासूबाई पण मनापासून हसत होत्या, शेवटी शेवटी एकदम गप्प झाल्या, आणि घरी येताना रिक्षात म्हणाल्या, पैसे देऊन डोक्याला ताप कशाला, घरात काय कमी भानगडी आहेत का. मिस्टरांचं पण तेच. मला नाटक लई आवडलं पण का आवडलं ते सांगता येईना. नाटक करमणुकीसाठीच असावं का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, सासूबाईंना नाटक कळलं नाही असं अजिबात समजू नका, मला तर वाटतंय तुमच्या सगळ्यांत जास्त त्यांनाच कळलं. माणूस कंटाळला की चुळबुळ करतो, मोबाईल काढतो. हसता हसता गप्प होणं वेगळं.

हे नाटक विजय तेंडुलकरांचं, १९६७ सालचं, 'रंगायन' या नाट्यसंस्थेनं राज्य नाट्य स्पर्धेत केलेलं. म्हणजे आपल्याकडं हौशी मंडळी दरवर्षी ज्या स्पर्धेसाठी रात्र रात्र तालमी करतात त्याच स्पर्धेतनं ते आलंय. आता त्यात होतं काय बघा. एका गावात प्रयोगाला आलेली मंडळी, संध्याकाळपर्यंत वेळ काढायचा म्हणून खोटा खोटा खटला चालवायचा ठरतं, आणि आरोपी कोण तर लीला बेणारे, शाळेतली शिक्षिका, सगळ्यांत हसरी बोलकी बाई. आरोप भ्रूणहत्येचा. सगळे हसतात, आपण पण हसतो, खेळच आहे की. मग तो गावातला साधा सामंत, त्याला साक्षीला उभं करतात, त्याला काय बोलायचं सुचत नाही तर तो हातातल्या कादंबरीतलं बघून साक्ष देतो आणि ती खोटी साक्ष बाईच्या खऱ्या आयुष्याला जाऊन लागते. ती बाहेर जायला बघते तर दाराची कडी बाहेरनं अडकलेली. आणि ज्या प्रोफेसर दामल्यांपासून तिला दिवस गेलेत, ज्यांचं नाव सारखं निघतं, ते शेवटपर्यंत स्टेजवर येतच नाहीत, त्यांना आरोपी करा असं एकालाही वाटत नाही. ही गोष्ट घरी येऊन दोन दिवसांनी डोक्यात येते आणि मग फार त्रास होतो.

पण माझ्या मते खरा त्रास वेगळाच आहे. पहिल्यांदा आपण कुणाबरोबर हसलो? काशीकर, सुखात्मे, पोंक्षे या खटला चालवणाऱ्यांबरोबर. म्हणजे खटला सुरू झाला तेव्हा आपण त्यांच्याच बाजूला बसलेलो होतो, आणि हे लेखकानं मुद्दाम केलंय. आपल्याकडं भिशीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत "काय ओ, त्यांची थोरली अजून माहेरीच आहे का" असं कुणीतरी हळूच विचारतं आणि बाकीच्या सगळ्या जरा पुढं सरकून बसतात, तेच कोर्ट. सासूबाईंना तिथं कोण आठवलं असेल ते त्यांनाच माहीत, खोदून विचारू नका, आपण होऊन बोलल्या तर ऐका.

राहिला करमणुकीचा प्रश्न. करमणूक आणि विचार यांची काही दुश्मनी नाही. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ सालचा, त्यातला दारुडा तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ बघून लोक आजही पोट धरून हसतात, आणि तेच हसू नवऱ्याच्या दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या सिंधूच्या दारात नेऊन सोडतात गडकरी. हसवलं नसतं तर दारूबंदीचं भाषण झालं असतं. मिस्टरांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी त्यांच्या आवडीचं विनोदी नाटक, त्याच्या पुढच्या वेळी तुमच्या आवडीचं. घरातलं भांडण पण मिटेल.

प्रश्न : आम्ही कॉलेजची पोरं, हुंड्यावर एकांकिका केली. सासू एकदम कडक व्हिलन, शेवटी सून जीव देते. टाळ्या लई पडल्या. पण प्रयोग झाल्यावर एक काका स्टेजवर येऊन पाठ थोपटून गेले, डोळ्यांत पाणी बिणी, आणि अख्ख्या गावाला माहितीय की त्यांनी स्वतःच्या पोराच्या लग्नात चारचाकी घेतली. मग आमच्या नाटकाचा उपयोग काय झाला? – एक विद्यार्थी, कागल

उत्तर : तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण टाळ्या मिळाल्यावर असा प्रश्न फार कमी जणांना पडतो. त्या काकांचं रडणं खोटं नव्हतं बरं का. त्यांना खरंच वाईट वाटलं, फक्त त्या सासूत ते स्वतः कुठंच दिसले नाहीत. तुम्ही ती इतकी काळीकुट्ट रंगवली की बघणारा प्रत्येक जण म्हणाला, छे, आपण असले नाही. पुढच्या वेळी त्या काकांनाच नाटकात घ्या. चांगला माणूस, सुनेला लेक म्हणणारा, देवळात देणगी देणारा, आणि बैठकीत चहा पिता पिता म्हणणारा, "आम्ही काही मागितलं नाही ओ, त्यांनीच हौसेनं दिलं." हे वाक्य आलं की प्रेक्षागृहात कोण कोण खाली बघतंय बघ.

जुन्या लोकांना हे चांगलं जमलेलं. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. आपल्या कोल्हापूरच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे त्या केशवराव भोसल्यांनी लहान वयात शारदेची भूमिका गाजवली, 'मूर्तिमंत भीती उभी' म्हणणारी ती पोर. (ते नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा नाटक कधी न बघणारी माणसं पण हळहळली होती, माझ्या मनातनं ते अजून जात नाही.) तर शारदेचा बाप पैशासाठी तिला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, आणि ते लग्न मोडतं कशानं? कुणाला दया आली म्हणून नाही, वधूवर सगोत्र निघाले म्हणून! पोरीच्या रडण्यानं जे थांबलं नाही ते गोत्रानं थांबलं. समोर बसलेल्यांचाच नियम त्यांच्यासमोर ठेवला. असलं काहीतरी शोधा.

आणि तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' मिळालं तर नक्की बघा, त्यातली माणसांची भिंत बघायला. ओळीनं उभी असलेली माणसं, गाणारी, डोलणारी, क्षणात पाठ फिरवून भिंत होतात आणि पलीकडं काय चाललंय ते झाकलं जातं. सेट नाही, खर्च नाही. तुमच्या हुंड्याच्या एकांकिकेत बैठकीला जमलेले पाहुणे असे उभे करता येतील की.

शेवटी सुनेला मारू नका. मेली की प्रेक्षक रडून मोकळा होतो. स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगाव झालं, चौकात, अंगणात, नाचत गात, पडदा नाही काही नाही, त्यामुळं बघणाऱ्या बाया नटांच्या शेजारीच असायच्या, बोलायला स्टेज चढायला लागत नव्हतं. तुम्ही पण प्रयोग संपल्या संपल्या मेकअप उतरवायला पळू नका, खाली सतरंजीवर बसा आणि विचारा, या घरात तुम्ही असता तर काय केलं असतं. पहिली पाच मिनिटं कुणी बोलणार नाही, तेवढी दम धरा.

प्रश्न : भावना दुखावणारी नाटकं बंद पाडावीत की नकोत? स्पष्ट सांगा. – एक ज्येष्ठ वाचक, शाहूपुरी

उत्तर : नकोत, काका. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसला म्हणून इंग्रजांनी १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. कीचक तरीही लोकांना पाठ राहिला.

पण दुखावलेल्या माणसाचं ऐकायचंच नाही असंही माझं म्हणणं नाही. तेंडुलकरांच्या 'कन्यादान'मधला दलित तरुण बायकोला मारणारा दाखवला यावर दलित कार्यकर्त्यांनी जोरदार आक्षेप घेतला, आणि तो ऐकण्यासारखाच होता, कारण स्टेजवर आपलं माणूस कसं दिसावं हे कायम दुसऱ्यांनीच ठरवायचं का? त्याला चांगलं उत्तर म्हणजे स्वतःचं नाटक. दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा', प्रेमानंद गज्वींचं 'किरवंत' ही बघा. आपल्या भागात तर त्याच्या कितीतरी आधी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्या जलसेवाल्यांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यात भटशाहीवर आणि सावकारावर सवाल टाकले, ज्यांना कुणी नाटकात घेत नव्हतं त्यांनी स्वतःच डफ हातात घेतला.

तुम्हाला एखादं नाटक खुपलं तर मध्येच उठून जा, पत्र लिहा, मला लिहिलंत तर मी या पानावर छापीन. नाहीतर प्रयोग संपल्यावर सरळ रंगपटात जा आणि दिग्दर्शकाला समोरासमोर विचारा, हौशी मंडळी असतील तर चहा पाजून बोलतील तुमच्याशी.